जनरेटर ‘एलएलओपी’ दाखवून बंद पडतो तेव्हा

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. ४०० केव्हीच्या पारेषण वाहिन्या एकामागोमाग बाद झाल्या आणि अशा वेळी शहर बाकीच्या जाळ्यापासून तोडून चालू ठेवण्याची जी वर्षानुवर्षांची योजना आहे, तीही त्या दिवशी टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाला परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कोविडचे दिवस होते, त्यामुळे महापालिकेने रुग्णालयांना किमान ८ तास पुरेल एवढं डिझेल हाताशी ठेवायला सांगितलं. पुढे २७ फेब्रुवारी २०२२ च्या रविवारी सकाळी दादर, परळ, माटुंगा, भायखळा ते चर्चगेट असा दक्षिण-मध्य पट्टा तासाभरापेक्षा थोडा जास्त अंधारात होता.

एरवी कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेस्टच्या ग्राहकाला वीज जाण्याची सवय नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला जनरेटर कसा सुरू करायचा हे झोपेतही सांगता येईल. लालबागच्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या तिसाव्या मजल्यावरच्या रहिवाशाला तो कुठे ठेवलाय हेही बहुधा ठाऊक नसतं. बिघाडाचं मूळ इथेच असतं. वर्षातून जेमतेम काही तास चालणारं मशीन नेमकं गरजेच्या दिवशी सुरू होतं, दहा-पंधरा सेकंद धडधडतं आणि पॅनेलवर ‘एलएलओपी’ अशी अक्षरं दाखवून बंद पडतं. म्हणजे लो ल्यूब ऑइल प्रेशर, इंजिनातल्या वंगणाचा दाब कमी.

त्या क्षणी लिफ्ट अडकलेली असते, पंप बंद असतो, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडत असतो. साहजिकच वॉचमन रिसेट दाबतो आणि पुन्हा स्टार्ट करतो. पुन्हा बंद. पुन्हा रिसेट. तिसऱ्यांदा कुणीतरी हुशार माणूस म्हणतो, ‘सेन्सरच खराब असेल, वायर काढ.’ वायर काढली की सेट खरंच चालतो आणि सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. सेन्सर खरोखरच खराब असेल तर नशीब. नसेल तर काही मिनिटांत क्रँकशाफ्ट बेअरिंगला चिकटते आणि काही हजारांचं काम लाखांवर जातं.

म्हणून पहिला प्रश्न एकच: दाब खरोखर कमी आहे, की दाब सांगणारा खोटं बोलतोय? याचं उत्तर मिळेपर्यंत अलार्म खरा धरावा आणि एकही पार्ट बदलू नये.

हे समजायला इंजिनाच्या पोटात थोडं डोकवावं लागतं. खाली सम्पमध्ये तेल साठलेलं असतं. जाळीच्या गाळणीतून गिअर पंप ते ओढतो, फिल्टरमधून पुढे ढकलतो आणि मुख्य गॅलरीतून ते क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांकडे, कॅमशाफ्टकडे, वर रॉकरकडे जातं. दाब गरजेपेक्षा वाढू नये म्हणून मध्ये स्प्रिंगवर चालणारा रिलीफ व्हॉल्व्ह असतो. पंप फक्त तेल ढकलतो; दाब तयार होतो तो बेअरिंगच्या बारीक फटीतून तेलाला वाट काढावी लागते म्हणून. फट दुप्पट झाली तर तिच्यातून निसटणारं तेल दुपटीने वाढत नाही, आठपटीच्या घरात जातं. झिजलेल्या इंजिनाचा दाब एकदा उतरायला लागला की भराभर का उतरतो, त्याचं कारण हे.

तेलाच्या दाटपणाचंही तसंच. डिझेल सेटमध्ये सर्रास वापरलं जाणारं १५डब्ल्यू-४० तेल ४० अंश सेल्सिअसला जेवढं दाट असतं, त्याच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शाइतकंच १०० अंशांना उरतं. त्यामुळे थंड इंजिनाचा दाब चांगला दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. आकडा पाहायचा तो वीस-पंचवीस मिनिटं लोडवर चालल्यानंतरचा. १५०० आरपीएमला चालणाऱ्या बहुतेक डिझेल सेटमध्ये तो ३ ते ५ बारच्या आसपास राहतो आणि १ बारच्या आगेमागे आला की कंट्रोलर इंजिन बंद करतो. आपल्या सेटचे नेमके आकडे मात्र पुस्तिकेतूनच घ्यावेत. जुन्या गेजवर हेच आकडे किलोमध्ये किंवा पीएसआयमध्ये असतात. १ बार म्हणजे साधारण १ किलो, म्हणजेच साडेचौदा पीएसआय.

आता प्रत्यक्ष तपासणी. सेट बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. कंट्रोलर ऑटोवर ठेवून आत हात घालणं म्हणजे आत्मघात. मेन्स गेली की तो कुणाला विचारून सुरू होत नाही. पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक काढावी, कापडाने पुसावी, पूर्ण आत घालून पुन्हा काढावी. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर त्याच ग्रेडचं तेल थोडं थोडं घालत दोन खुणांच्या मध्ये आणावी. मग तेल गेलं कुठे ते शोधावं. ड्रेन प्लग पाझरतोय का, फिल्टरखाली ओघळ आहे का, हे टॉर्च घेऊन बघावं. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबरी वायसर इंजिनालाच चिकटून राहतं आणि नवा फिल्टर त्याच्यावर चढतो, हा प्रकार वरचेवर घडतो. दोन वायसर एकावर एक बसले की सेट चालू झाल्यावर तिथून तेल फवाऱ्यासारखं उडतं आणि बघता बघता सम्प रिकामा होतो.

पातळी कमी असणं सगळ्यांना कळतं. ती वाढलेली असेल तर मात्र बरेच जण खूश होतात, आणि इथेच फसगत होते. तेल आपोआप वाढत नसतं. वाढलं म्हणजे त्यात काहीतरी मिसळलंय. डिपस्टिक नाकाशी न्यावी. डिझेलचा वास आला, तेल बोटांत चोळल्यावर पाण्यासारखं सुटलं, टिपकागदावर टाकलेल्या थेंबाभोवती फिकट रुंद कडं पसरलं, तर इंजेक्टर गळतोय किंवा फीड पंपाचं सील गेलंय. तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी किंवा कूलंट शिरलंय. हेड गास्केट आणि ऑइल कूलर तपासावा लागेल. दोन्हींत नुसतं तेल बदलून सेट चालवू नये, कारण बिघाड तिथेच राहतो.

डिझेल मिसळण्याचं आणखी एक कारण खास मुंबईतलं आहे, आणि ते चांगल्या हेतूने केलं जातं. दर रविवारी सकाळी वॉचमन पाच मिनिटं जनरेटर रिकामा फिरवतो. बॅटरी चार्ज होते, कमिटीला समाधान मिळतं. पण पाच मिनिटांत इंजिन गरम होत नाही. अर्धवट जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं, आतल्या हवेतला ओलावा निथळून तेलात जातो, आणि हे बावन्न रविवार चालतं. मीटरवर वर्षात चार-साडेचार तास दिसतात आणि तेल मात्र निकामी झालेलं असतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा अर्धा तास, क्षमतेच्या किमान ३० टक्के लोड टाकून चालवलेलं शतपटीने बरं. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सगळ्यांना त्या अर्ध्या तासासाठी जनरेटरवर घेता येतं. रहिवाशांना आधी सांगितलं तर कुणी तक्रारही करत नाही. तेल तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलावंच.

तेलाची पातळी आणि जात ठीक असेल तर पुढची पायरी म्हणजे मेकॅनिकल गेज. बोर्डन ट्यूबचं साधं गेज, हायड्रॉलिक नळी आणि योग्य आट्यांचा ॲडॉप्टर एवढंच सामान लागतं. नागदेवी स्ट्रीटवर हे सगळं एका फेरीत मिळतं. ज्या भोकात दाबाचा सेन्सर बसलेला असतो तो काढून तिथे हे गेज लावतात. आटे एनपीटीचे की बीएसपीचे हे आधी पाहावं. दोन्ही दिसायला सख्खे भाऊ, पण जबरदस्तीने पिळले तर फिल्टरच्या ॲल्युमिनियम हेडला चीर जाते. हे काम मेकॅनिकचं आहे, पण तो ते करतोय ना हे पाहणं सेक्रेटरीचं. गेज न लावता ‘पंप गेलाय साहेब’ म्हणणाऱ्याला पंपाची ऑर्डर देऊ नये.

मेकॅनिकल गेजवर दाब चोख आला तर खोटं बोलणारा सापडला: सेन्सर, त्याची वायर किंवा कंट्रोलर. जुन्या पद्धतीचा एका वायरीचा स्विच असेल तर त्याचं काम सोपं असतं. दाब कमी झाला की तो वायरला इंजिनाच्या बॉडीशी, म्हणजे अर्थशी जोडतो आणि सेट बंद होतो. त्यामुळे ती वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर दाब उत्तम असूनही सेट बंद पडेल. गिरगाव-परळच्या तळमजल्यांवर उंदरांना या वायरी फार आवडतात. शिवाय समुद्राची खारी हवा आहेच; टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढला की रीडिंग नाचायला लागतं. स्विच बसवताना आट्यांवर टेफलॉन टेपची पगडी बांधली तर त्याला नीट अर्थ मिळत नाही, मग तोही भलतंसलतं सांगतो.

याच स्विचची दुसरी बाजू जास्त धोक्याची. वायर तुटली तर सेट कधीच बंद पडणार नाही, दाब शून्यावर आला तरीही. संरक्षण गेलेलं असतं आणि कुणालाही पत्ता नसतो. म्हणून चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर आधी ते दुरुस्त करावं. सर्व्हिसिंगच्या दिवशी चालू सेटवर इलेक्ट्रिशियनकडून ती वायर क्षणभर बॉडीला टेकवून घ्यावी. सेट बंद झाला तर संरक्षण जिवंत आहे. नव्या कंट्रोलरला ओहममध्ये बोलणारा सेंडर असतो, त्याची चाचणी वेगळी. ती कंपनीच्या माणसालाच करू द्यावी.

गेजवरही दाब कमीच आला तर तो कसा कमी होतो, याच्याकडे लक्ष द्यावं. थंड असताना चांगला आणि गरम झाल्यावर घसरणारा दाब पातळ तेलाकडे किंवा झिजलेल्या बेअरिंगांकडे बोट दाखवतो. नवं, योग्य ग्रेडचं तेल आणि फिल्टर घालून पुन्हा मोजलं की दोहोंतलं कोणतं ते कळतं. थंड-गरम दोन्ही वेळा, आणि तेही एकाएकी कमी झालेला दाब बहुधा रिलीफ व्हॉल्व्हचा. कचऱ्याचा कण अडकून तो उघडाच राहतो आणि तेल बेअरिंगकडे न जाता पुन्हा सम्पमध्ये पडतं. उघडून साफ केला की काम होतं. सुरुवातीला बरा आणि चालता चालता हळूहळू उतरणारा दाब म्हणजे सम्पमधली जाळी गाळाने भरत चालली आहे. काटा थरथरत असेल तर तेल कमी आहे किंवा पंपाच्या ओढीच्या बाजूने हवा शिरते आहे. पंप स्वतः झिजलेला निघतो तो शेवटी, बाकी सगळं तपासून झाल्यावर.

रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकून दाब ‘वाढवून’ देणारे कारागीर आहेत. जिथे तेल बेअरिंगच्या झिजलेल्या फटीतून निसटतंय किंवा पंपच थकलाय, तिथे या वॉशरने काहीही साधत नाही. जिथे साधतं तिथे थंड इंजिनात दाब नको तेवढा चढून फिल्टर फुटण्याची भीती असते. तसंच दाट तेलाचं. १५डब्ल्यू-४० च्या जागी २०डब्ल्यू-५० ओतलं की आकडा सुधारतो, खरेदीदाराला जुना सेट विकायचा असेल तर सुधारतोच सुधारतो.

गिरणगावातल्या फिटरकडे गेज नसलं तरी कान होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून तो आतला आवाज ऐकायचा. ही युक्ती आजही चालते, फिरत्या पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब राहून. खालून जड, लोड पडला की वाढणारी ठोक-ठोक ऐकू येत असेल आणि दाबही खाली असेल तर त्या इंजिनाला एकही स्टार्ट मारू नये. सम्प उतरवून बेअरिंग शेल बघण्याचीच ती वेळ. तेलात किंवा कापून उघडलेल्या फिल्टरच्या घड्यांत चमचमणारा कीस सापडला तर शंकेला जागाच उरत नाही.

पावसाळ्याचं प्रकरण वेगळं. हिंदमाताच्या परिसरात पाणी भरणं नवीन नाही आणि तळघरात बसवलेले सेट अजून पुष्कळ आहेत. पाणी कॅनोपीत शिरलं असेल तर ओसरल्यावर ‘बघू चालतो का’ म्हणून चावी फिरवू नये. सम्पमध्ये गेलेलं पाणी तळाशी बसतं, तेल त्याच्यावर तरंगतं आणि डिपस्टिकवर तेलाची पातळी छान वर आलेली दिसते. पंपाची जाळी मात्र तळाशी, पाण्यात. ड्रेन प्लग सैल करून आधी काय बाहेर येतंय ते पाहावं. पाणी आलं तर तेल, फिल्टर, एअर क्लीनर सगळं बदलून, अल्टरनेटरचं इन्सुलेशन मेगरने तपासूनच पुढचा विचार.

महिनोन्‌महिने बसलेल्या सेटमध्ये गॅलरीतलं आणि फिल्टरमधलं तेल निथळून खाली गेलेलं असतं, म्हणून पहिल्या स्टार्टला दाब चढायला उशीर लागतो. अशा वेळी फ्यूएल सोलेनॉइडचं कनेक्शन काढून, इंजिन पेट न घेता, स्टार्टरने पाच-सात सेकंद फिरवावं, थोडं थांबून पुन्हा एकदा. दिवा विझला किंवा काटा हलला की मग सोलेनॉइड जोडून सुरू करावं.

दुकानदार, खानावळवाले आणि दवाखाने वापरतात त्या दोन-तीन केव्हीएच्या पेट्रोल सेटची गोष्ट निराळी. त्यांतल्या बहुतेकांत तेलाचा दाब मोजतच नाहीत. एक छोटं चमच्यासारखं टोक तेल उडवून वंगण करतं आणि सुरक्षेसाठी जो सेन्सर असतो तो तेलाची पातळी पाहणारा तरंगता गोळा. म्हणून असा सेट फुटपाथच्या उतारावर तिरका ठेवला तर तेल पुरेसं असूनही सुरू होत नाही. सपाट जागेवर ठेवून तेल पाहिलं की निम्म्या तक्रारी मिटतात. सपाट जागा मिळाली म्हणून तो चाळीच्या पॅसेजमध्ये किंवा जिन्याखाली मात्र कदापि चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग.

गणेशोत्सवात मंडळं भाड्याने सेट आणतात. गणेश गल्लीचा उत्सव १९२८ पासूनचा, लालबागच्या राजाचा १९३४ पासूनचा. त्यांच्यासारख्या मोठ्या मंडळांकडे जाणती माणसं असतात, गल्लीतल्या लहान मंडळांनी जरा हिशेब करावा. अकरा दिवस अखंड चाललेला सेट २६४ तास चालतो, आणि अनेक इंजिनांना २५० तासांनी तेलबदल सांगितलेला असतो. म्हणजे आधीच दीडशे तास चाललेल्या तेलावर आणलेला सेट गौरीविसर्जनापर्यंतच मुदत ओलांडेल. भाड्याची पावती करताना आवर मीटरचा आकडा आणि शेवटच्या तेलबदलाचा आकडा दोन्ही लिहून घ्यावेत, आणि एलएलओपीची वायर जोडलेली आहे ना ते चालकासमोर पाहावं. भाड्याच्या सेटवर ती काढून ठेवलेली असणं अगदीच दुर्मीळ नाही.

परदेशातल्या मराठी घरांनाही हे लागू पडतं. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर सँडी वादळानंतर न्यू जर्सीत कितीतरी घरं दिवसचे दिवस विजेविना होती. तिथले घरामागचे गॅसवर चालणारे सेट दर आठवड्याला आपोआप चाचणी घेतात, त्यामुळे मालक निर्धास्त असतो. पण सलग चालवायची वेळ आली की ही हवेने थंड होणारी लहान इंजिनं तेल पितात. चोवीस तासांनी एकदा बंद करून तेल पाहायचं, हा नियम पाळला नाही की तिसऱ्या दिवशी लाल दिवा लागतो.

प्रत्यक्ष वीज गेलेली असताना अलार्म आला तर काय करावं? आधी लिफ्टमध्ये कुणी आहे का ते पाहावं. लिफ्टला एआरडी (ऑटोमॅटिक रेस्क्यू डिव्हाइस) असेल तर ती बॅटरीवर जवळच्या मजल्यावर येते, नसेल तर प्रशिक्षित माणसानेच ब्रेक सोडून काढावं. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेला रुग्ण असेल तर त्याच्यासाठी भरलेला सिलिंडर आधीच ठेवलेला हवा. सोसायटीच्या जनरेटरवर जीव टांगू नये. मग डिपस्टिक. तेल कमी निघालं आणि गळती दिसत नसेल तर भरून एकदाच स्टार्ट करावं, एका माणसाने नजर गेजवर आणि हात स्टॉप बटणावर ठेवून. दहा सेकंदांत दाब आला नाही किंवा आवाज बदलला तर बंद करावं आणि तो दिवस जिने चढून काढावा.

वार्षिक देखभालीचा करार करताना एक साधी नोंदवही मागून घ्यावी: तारीख, आवर मीटर, थंड इंजिनाचा दाब, वीस मिनिटांनंतरचा दाब, पाण्याचं तापमान, लोड किती अँपिअर. वॉचमन पॅनेलचा फोटो काढून ग्रुपवर टाकत असेल तरी चालेल. गरम दाब ४.२ वरून दोन वर्षांत ३.१ वर आलेला दिसला तर अलार्म वाजण्याआधीच मेकॅनिकला बोलावता येतं. आणि काढलेलं काळं तेल तो गटारात ओतत नाही ना हे पाहावं. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल अशा कचऱ्यात मोडतं. ते डब्यात भरून अधिकृत पुनर्प्रक्रियादाराकडे गेल्याची पावती बिलासोबत जोडायला सांगावी.